किरकोळ दुकानदार आणि जीएसटी : नोंदणी, बिल, रिटर्न आणि नोटीस

आपल्या कोणत्याही वस्तीतल्या अभ्यासिकेत जा. राज्य कर निरीक्षक पदाची तयारी करणारी दोन-चार मुले-मुली तिथे हमखास भेटतील. जीएसटी परिषदेच्या बैठका, अनुच्छेद, घटनादुरुस्तीचा क्रमांक, सगळे त्यांच्या वहीत उतरवलेले असते. त्याच अभ्यासिकेखाली कपड्यांचे किंवा स्टेशनरीचे दुकान चालवणाऱ्या दादांना विचारा, "तुम्हाला जीएसटी लागतो का?" उत्तर येते, "ते आमचा माणूस बघतो."

हा "आमचा माणूस" किती महागात पडतो, ते मी एका कुटुंबासोबत काम करताना पाहिले. पांढरे शर्ट, पांढऱ्या साड्या, लहान मुलांचे कपडे विकणारे छोटे दुकान. वर्षाची विक्री चौदा लाखांच्या आसपास. "नंबर नसेल तर दुकान बंद करतील," असे सांगून एकाने त्यांची जीएसटी नोंदणी करून दिली आणि महिन्याला सातशे रुपये घेऊ लागला. पुढे दुकान वाढवायला कर्ज हवे होते, तेव्हा बँकेत कळले की नोंदणी केव्हाच रद्द झाली आहे. चौदा महिन्यांची रिटर्न भरलेलीच नव्हती. पोर्टलला जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल त्या माणसाचे, त्यामुळे एकही सूचना दुकानापर्यंत पोहोचली नाही. एकाच प्रकारच्या रिटर्नचे विलंब शुल्क निघाले २८ हजार रुपये, व्याज वेगळे. सगळ्यात वाईट वाटले ते पुढे. कायद्याने त्या दुकानाला नोंदणीची गरजच नव्हती.

उलटी उदाहरणेही आहेत. नोंदणी घ्यायला हवी होती, पण "आपण लहान माणसे, आपल्याला कोण विचारतो" म्हणत घेतली नाही आणि नंतर कर, व्याज आणि दंड एकदम अंगावर आला. दोन्हीकडे चूक एकच. आपल्या विक्रीचा आकडा आपल्याला माहीत नव्हता आणि कागद दुसऱ्याच्या हातात होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात दुकान चालवणारी ही पहिलीच पिढी आहे. व्यापारी घरात मुलगा जे गल्ल्यावर बसून शिकतो, ते आपल्याला वाचून आणि विचारून शिकावे लागते. हा लेख त्यासाठी.

विक्रीकर ते जीएसटी

जुनी माणसे अजून "सेल्स टॅक्स" म्हणतात. मुंबई प्रांतात विक्रीकराचा कायदा १९४६ मध्ये आला. पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा दीर्घकाळ चालला. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी. पेट्रोल, डिझेल आणि पिण्याची दारू अजूनही जीएसटीबाहेर आहेत. त्यांच्यावर राज्याचा व्हॅट चालू आहे.

जीएसटीत राज्याचा कर संपलेला नाही, तो एका मोठ्या कराचा भाग झाला आहे. महाराष्ट्रातल्या दुकानाने महाराष्ट्रातल्याच गिऱ्हाइकाला हजार रुपयांचा शर्ट ५ टक्के दराने विकला, तर कर ५० रुपये. त्यातले २५ केंद्राचे (सीजीएसटी) आणि २५ राज्याचे (एसजीएसटी). तोच शर्ट मध्य प्रदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवला, तर पूर्ण ५० रुपये आयजीएसटी म्हणून जातात आणि राज्याचा वाटा माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो.

राज्यांतर्गत आणि राज्याबाहेरची विक्री हा फरक जुना आहे. कराची साधने केंद्र आणि प्रांतांत कशी वाटली जावीत, हा बाबासाहेबांच्या अभ्यासाचा विषय होता. "द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया" हा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. संविधानाच्या अनुच्छेद २८६ ने राज्याबाहेर होणाऱ्या विक्रीवर कर लावण्यास राज्यांना मनाई केली. आज इन्स्टाग्रामवर टी-शर्ट विकणाऱ्या मुलालाही हाच फरक लागू पडतो, तो कसा ते पुढे पाहू.

वर्षाला दीड कोटीपेक्षा कमी उलाढाल असलेल्या करदात्यांपैकी ९० टक्क्यांचे काम राज्याच्या विभागाकडे आणि १० टक्क्यांचे केंद्राकडे, अशी वाटणी ठरलेली आहे. म्हणजे आपल्या वस्तीतल्या दुकानदाराचा संबंध बहुधा राज्याच्याच अधिकाऱ्यांशी येतो.

पहिला प्रश्न : नोंदणी लागते का?

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला आर्थिक वर्षात ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाख आहे. आइस्क्रीम, पानमसाला, तंबाखू अशा काही वस्तूंना ४० लाखांची सवलत नाही, तिथेही २० लाखच.

इथे तीन ठिकाणी माणसे फसतात.

एक, उलाढाल म्हणजे नफा नव्हे. उलाढाल म्हणजे एकूण विक्री. महिन्याला साडेतीन लाखांचा माल विकून हातात पंचवीस हजार राहत असतील, तरी वर्षाची उलाढाल ४२ लाख होते आणि नोंदणी लागते.

दोन, उलाढालीत करमाफ वस्तूंची विक्रीही धरतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. एखादा विक्रेता वर्षाला ३० लाखांची पुस्तके आणि १२ लाखांचे कपडे व बॅगा विकत असेल, तर करपात्र विक्री जेमतेम १२ लाख असूनही एकूण ४२ लाखांमुळे त्याला नोंदणी घ्यावी लागते. मात्र जो फक्त पुस्तकेच विकतो, म्हणजे ज्याची सगळी विक्री करमाफ आहे, त्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागत नाही. उलाढाल पॅननुसार मोजतात. एकाच पॅनवर दोन दुकाने असतील तर दोन्हींची बेरीज होते.

तीन, ४० लाखांची मर्यादा "फक्त वस्तू" विकणाऱ्यांना आहे. स्टेशनरीच्या दुकानात झेरॉक्स मशीन आहे किंवा कपड्यांच्या दुकानात शिलाईची कामे घेतली जातात, म्हणजे सेवा आली. मग मर्यादा २० लाखांवर येते. स्टेशनरी आणि झेरॉक्स मिळून वर्षाला २६ लाखांचा धंदा करणाऱ्या ताईंना वाटते की आपण ४० च्या आत आहोत. त्या आत नाहीत.

मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. नोंदणी आवश्यक असून घेतली नाही, तर थकलेला कर आणि व्याज भरावे लागतेच, शिवाय १० हजार रुपये किंवा बुडवलेल्या कराइतकी रक्कम, यापैकी जे जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो.

ऑनलाइन विक्री आणि स्टॉल

काही व्यवहारांत ४० लाखांची मर्यादा चालत नाही. आपल्या तरुणांना यातले दोन जास्त लागू पडतात.

पहिला, राज्याबाहेर वस्तू विकणे. जयंतीच्या आधी टी-शर्ट छापून घेऊन इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणारी अनेक मुले आहेत. नागपूरहून पुण्याला पार्सल गेले तर अडचण नाही. तेच पार्सल रायपूरला किंवा दिल्लीला गेले, की करपात्र वस्तूची आंतरराज्य विक्री झाली आणि पहिल्या ऑर्डरपासून नोंदणी आवश्यक झाली. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सवलत आहे, छापील टी-शर्ट त्यात धरू नये. मोठ्या ऑनलाइन बाजारांतून फक्त राज्यातच विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण नोंदणीऐवजी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन काम करता येते.

दुसरा, दुसऱ्या राज्यात जाऊन तात्पुरते दुकान लावणे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर किंवा मुंबईत चैत्यभूमीवर महाराष्ट्रातलाच लहान विक्रेता स्टॉल लावत असेल आणि मर्यादेच्या आत असेल, तर वेगळी नोंदणी नको. पण तेलंगणातून किंवा मध्य प्रदेशातून करपात्र माल घेऊन येणाऱ्याला, किंवा इथून बोधगया-सारनाथला माल घेऊन जाणाऱ्याला, त्या राज्यात "कॅज्युअल" म्हणजे तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. अर्ज विक्री सुरू होण्याच्या किमान ५ दिवस आधी करायचा, अंदाजे कर आगाऊ भरायचा. ही नोंदणी जास्तीत जास्त ९० दिवसांची असते आणि तितकीच वाढवून मिळू शकते. फक्त पुस्तकांचा स्टॉल असेल तर ही भानगड नाही.

कंपोझिशन की नियमित?

नोंदणी घ्यायची ठरली की दोन वाटा आहेत.

कंपोझिशन योजना दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला मिळते. व्यापाऱ्याने करपात्र विक्रीवर १ टक्का कर स्वतःच्या खिशातून भरायचा. गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. राज्याबाहेर माल विकता येत नाही. दर तिमाहीला एक छोटे विवरण आणि वर्षातून एकदा रिटर्न, एवढेच काम.

नियमित पद्धतीत गिऱ्हाइकाकडून पूर्ण दराने कर घ्यायचा, खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करायचा आणि उरलेला भरायचा. कागद जास्त, पण राज्याबाहेर विकता येते आणि दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला किंवा सरकारी कार्यालयाला कराचे बिल देता येते.

एक हिशोब करून पाहू. कपड्यांचे दुकान, दर ५ टक्के. वर्षाची खरेदी ४८ लाख आणि त्यावर कर २ लाख ४० हजार. विक्री ६० लाख आणि त्यावर गिऱ्हाइकांकडून घेतलेला कर ३ लाख. नियमित पद्धतीत भरायचा कर ३ लाख वजा २ लाख ४० हजार, म्हणजे ६० हजार. भाडे-मजुरी सोडून दुकानदाराकडे १२ लाख राहिले. आता तेच दुकान कंपोझिशनमध्ये, आणि गिऱ्हाईक तेवढेच ६३ लाख देते असे धरा. खरेदीचा खर्च करासह ५० लाख ४० हजार, १ टक्का कर ६३ हजार. हातात राहिले ११ लाख ९७ हजार.

म्हणजे या उदाहरणात पैशांचा फरक नगण्य आहे, फरक कागदाचा आहे. नफ्याचे प्रमाण याहून जास्त असेल तर कंपोझिशन फायद्याचे, कमी असेल तर नियमित. आपल्या दुकानाचे आकडे घालून हा हिशोब एकदा कागदावर करा, मग ठरवा. आधीच नोंदणी असलेल्याला कंपोझिशनमध्ये जायचे तर आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, पोर्टलवर तसे कळवावे लागते.

कोणत्या मालावर किती कर

२२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी काढून टाकण्यात आले. सर्वसाधारण दुकानात आता शून्य, ५ आणि १८ हे दर लक्षात ठेवायचे. काही नेहमीच्या वस्तू अशा :

- छापील पुस्तके, शाळेच्या वह्या, पेन्सिल, खोडरबर : शून्य.
- ताजी भाजी, सुटे दूध, सुटे धान्य : शून्य. तेच धान्य २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पाकिटात असेल तर ५ टक्के.
- साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल : ५ टक्के.
- अगरबत्ती : ५ टक्के.
- तयार कपडे : नग २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के.
- पादत्राणे : जोड २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के.
- टीव्ही, एसी : १८ टक्के.

दर वस्तूच्या एचएसएन क्रमांकावर ठरतो. शेजारचा दुकानदार किती लावतो यावर नाही. ठोक व्यापाऱ्याच्या पक्क्या बिलावर तो क्रमांक आणि दर छापलेला असतो. तिथून सुरुवात करा, शंका आली तर पोर्टलवर ताडून पाहा. मूर्ती आणि हस्तकलेच्या वस्तूंत साहित्यानुसार दर बदलतात, त्यामुळे सगळ्या मूर्तींना एकच दर लावू नका.

बिल : कोणी कोणते द्यायचे

नोंदणी नसलेल्याने साधे बिल द्यावे, त्यावर जीएसटीचा रकाना टाकूच नये. नोंदणीशिवाय गिऱ्हाइकाकडून कर घेणे कायद्याने मना आहे. कराच्या नावाने घेतलेला पैसा सरकारचा असतो, तो घेतला तर भरावाच लागतो.

कंपोझिशनवाल्याने "बिल ऑफ सप्लाय" द्यायचे. त्यावर आपण कंपोझिशन करदाता असून कर आकारण्यास पात्र नाही, असे लिहायचे. दुकानाच्या पाटीवरही "कंपोझिशन करदाता" हे शब्द हवेत.

नियमित करदात्याने कर बिल द्यायचे. त्यावर दुकानाचे नाव-पत्ता, जीएसटी क्रमांक, बिलाचा चढता क्रमांक, तारीख, मालाचे वर्णन, किंमत, दर आणि केंद्र-राज्याचा कर वेगवेगळा दाखवायचा. २०० रुपयांपेक्षा कमी विक्रीला, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि बिल मागत नसेल, तर प्रत्येक वेळी बिल फाडायची गरज नाही. दिवसअखेर अशा सगळ्या विक्रीचे एकत्र बिल करता येते.

नोंदणी प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायचे आणि जीएसटी क्रमांक पाटीवर लिहायचा. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे पॅनची. कोणाचाही क्रमांक पोर्टलवर फुकट तपासता येतो. गिऱ्हाईक म्हणून आपणही तो तपासावा. नंबर नसलेल्या किंवा रद्द झालेल्या बिलावर कर घेतला जात असेल, तर विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

रिटर्न : तारखांचे कॅलेंडर

नियमित करदाता, दर महिन्याला भरणारा : विक्रीचा तपशील देणारे जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत. कर भरायचे जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत.

नियमित करदाता, तिमाही पद्धत : ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला ही सोय मिळते. जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ तारखेपर्यंत, जीएसटीआर-३बी महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत. मात्र तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरायचा असतो.

कंपोझिशन करदाता : तिमाहीनंतरच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३० जूनपर्यंत जीएसटीआर-४.

नियमित करदात्याला वर्षअखेरचे जीएसटीआर-९ दोन कोटींपेक्षा जास्त उलाढालीला लागते.

विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावेच लागते. उशीर झाला तर जीएसटीआर-३बीला दिवसाला ५० रुपये आणि शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये शुल्क लागते. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला प्रत्येक रिटर्नमागे २ हजार रुपये आणि शून्य रिटर्नला ५०० रुपये ही कमाल मर्यादा आहे. सुरुवातीला सांगितलेल्या दुकानाचे २८ हजार असेच झाले, चौदा रिटर्न गुणिले दोन हजार. उशिरा भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळे. महिन्याला भरणाऱ्याने सलग सहा महिने रिटर्न भरले नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. मुदतीनंतर तीन वर्षे उलटली, की ते रिटर्न भरताच येत नाही.

महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीबरोबर व्यवसाय कराची नावनोंदणीही येते, वर्षाला २,५०० रुपये. अनेक दुकानदार ही विसरतात आणि काही वर्षांची थकबाकी एकदम समोर येते.

पक्के बिल का मागायचे

ठोक बाजारात "बिल पाहिजे का बिनाबिलाचे, थोडे स्वस्त देतो" असे विचारले जाते. नियमित करदात्याने बिनाबिलाचा माल घेतला तर त्यावरच्या कराची वजावट गेली. शिवाय तोच माल आपण बिलाने विकला तर तो आला कुठून, याचे उत्तर नसते.

पक्के बिल असूनही वजावट आपोआप मिळत नाही. माल मिळालेला हवा, बिल पुरवठादाराने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेले हवे, म्हणजे ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसते, आणि त्याने तो कर सरकारकडे भरलेला हवा. म्हणून दर महिन्याला खरेदीची बिले आणि २बी समोरासमोर ठेवून पाहा. एखादे बिल दिसत नसेल तर व्यापाऱ्याला लगेच फोन करा. पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत चुकते केले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते, हेही उधारीवर माल घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सगळी बिले आणि वह्या त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायच्या असतात. घर गळके असेल तर फोटो काढून दोन ठिकाणी साठवा.

यूपीआय, वही आणि बँक खाते

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे लहान विक्रेत्यांना वाणिज्य कर विभागाच्या नोटिसा गेल्या. बेंगळुरूत अनेक दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. आपल्याकडेही त्यातून भीती पसरली.

त्यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. यूपीआयवर कर नाही, कर विक्रीवर आहे आणि रोख विक्रीही उलाढालच असते. पण खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा असतो असेही नाही. भावाने पाठवलेले पैसे, बचत गटाची भिशी, उसने दिलेले परत आलेले, करमाफ भाजीची विक्री, हे सगळे एकाच क्यूआर कोडवर आले, तर नंतर वेगळे करून दाखवणे अवघड जाते. म्हणून धंद्याचे खाते वेगळे ठेवा आणि रोज रात्री गल्ला मोजताना वहीत चार आकडे लिहा : रोख विक्री, ऑनलाइन विक्री, त्यातली करमाफ मालाची विक्री आणि आजची खरेदी. पाच मिनिटांचे काम आहे. महिन्याची बेरीज केली की ४० लाखांपासून आपण किती लांब आहोत ते कोणाला विचारावे लागत नाही. नोटीस आली तर हीच वही आपला पुरावा.

नोंदणी करताना

पोर्टलवर नोंदणीचे सरकारी शुल्क शून्य आहे. पॅन, आधार, फोटो, जागेचा पुरावा म्हणून वीजबिल, भाड्याची जागा असेल तर भाडेकरार किंवा मालकाचे संमतिपत्र, आणि बँक खात्याचा तपशील लागतो. जागा आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचे संमतिपत्र चालते.

कर सल्लागाराची मदत जरूर घ्या, चांगले सल्लागार वेळ आणि चुका वाचवतात. पण मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचेच द्या, पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि दर महिन्याला भरलेल्या रिटर्नची पोचपावती मागा. प्रत्येक भरलेल्या रिटर्नला एआरएन नावाचा क्रमांक मिळतो. तो नसेल तर रिटर्न भरले गेलेले नाही. इतके सोपे आहे.

उलाढाल मर्यादेच्या आत असूनही स्वेच्छेने नोंदणी घेता येते. मोठ्या व्यापाऱ्यांना माल पुरवायचा असेल किंवा सरकारी निविदा भरायच्या असतील तर ती उपयोगीही पडते. पण घेतली की सगळी रिटर्न मागे लागतात. गरज नसेल तर रद्द करण्याचा अर्ज करता येतो, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अखेरचे रिटर्न भरायचे असते. नुसते दुकान बंद केले म्हणून नोंदणी बंद होत नाही.

आणखी एक धोका नोकरी शोधणाऱ्या तरुणांसाठी. "कर्ज मिळवून देतो", "कंपनीत लावतो" म्हणून आधार, पॅन आणि ओटीपी घेतले जातात आणि त्या नावावर बोगस फर्मची जीएसटी नोंदणी होते. मग ज्याच्या घरी धड पत्रेही नाहीत, त्याच्या नावे लाखो-कोटींच्या कराची नोटीस येते. पोर्टलवर पॅन टाकून त्या पॅनवर कोणती नोंदणी आहे ते कोणालाही पाहता येते. आजच आपला आणि घरातल्या सगळ्यांचा पॅन टाकून पाहा. अनोळखी नोंदणी दिसली तर पोर्टलवर तक्रार करा, विभागाला लेखी कळवा आणि पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत जपा.

नोटीस किंवा तपासणी आली तर

नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे, तो प्रश्न आहे आणि त्याला मुदतीत लेखी उत्तर द्यायचे असते. आधी पोर्टलवर लॉग-इन करून तीच नोटीस तिथे आहे का, तिचा संदर्भ क्रमांक जुळतो का ते पाहा. रिटर्न न भरल्याच्या नोटिशीला १५ दिवसांची मुदत असते. नोंदणी रद्द का करू नये, या नोटिशीला ७ कामाचे दिवस. गप्प बसलो तर एकतर्फी आदेश होतो. आदेश मान्य नसेल तर तीन महिन्यांत अपील करता येते. त्यासाठी वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते.

दुकानाची झडती-तपासणी करायला येणाऱ्या अधिकाऱ्याकडे सहआयुक्त किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे लेखी अधिकारपत्र हवे. ते आणि ओळखपत्र पाहायला मागणे हा उद्धटपणा नाही. नुसत्या पत्त्याच्या पडताळणीला आलेल्याला जागा आणि कागद दाखवा. कर पोर्टलवरच्या चलनानेच भरला जातो. काउंटरवर रोख रकमेत "मिटवून टाकू" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, मग तो कोणीही असो.

कार्यकर्त्यांनी काय करावे

त्या कपड्यांच्या दुकानाची रिटर्न भरून झाली आहेत. शुल्क हप्त्या-हप्त्याने जमवले, घरातल्या मुलीने पोर्टल शिकून घेतले. तिची बारावी झालेली आहे. तिला हे जमायला तीन रविवार लागले.

म्हणून सूचना साधी आहे. महिन्यातला एक रविवार विहाराच्या सभागृहात एक टेबल, एक लॅपटॉप आणि आपल्या भागातला एखादा कर सल्लागार किंवा वाणिज्य शाखेची मुले बसवा. राज्य कर निरीक्षक पदाची तयारी करणाऱ्यांना मुद्दाम बोलवा. त्यांचा अभ्यास होईल, दुकानदाराचे काम होईल. आलेल्या प्रत्येकाचे तीन प्रश्न सोडवा : गेल्या वर्षाची विक्री किती, नोंदणी लागते की नाही, आणि नोंदणी असेल तर पासवर्ड कोणाकडे आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "आमच्याकडे" असे येईपर्यंत त्या माणसाला उठू देऊ नका.